बाणाजागी कोण उभे आहे?

गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदरावर जाणे झाले. नोकरीत असताना तीन वर्षे मी तिथल्या शाखेचा व्यवस्थापक होतो. होडीला, इंजिनाला, जाळ्याला कर्ज द्यायचे आणि मासळी लागली की नाही याची चौकशी करत करत ते वसूल करायचे, हा तेव्हाचा उद्योग. आता कर्ज नाही आणि वसुलीही नाही, त्यामुळे गाठीभेटी निखळ आनंदाच्या होतात. बंदरावर होड्या वर ओढून शाकारण्याची गडबड चालली होती. माझ्या ओळखीचे एक म्हातारे तांडेल उलट्या टोपलीवर बसून नातवाच्या मोबाइलकडे बघत होते. पडद्यावर अरबी समुद्र होता आणि त्या निळ्या समुद्रावर, रांगोळीचे ठिपके मांडावेत तसे, सारख्या अंतरावर बारीक बारीक बाण होते. प्रत्येक बाण त्या जागच्या वाऱ्याची दिशा दाखवणारा, आणि लांबीने त्याचा जोर सांगणारा.

तांडेलांची पन्नास वर्षे दर्यात गेलेली. त्यांनी बराच वेळ ते बाण न्याहाळले आणि मला म्हणाले, ''साहेब, तुम्ही हिशेबातली माणसं. एवढंच सांगा, या प्रत्येक बाणाजागी कोण उभा हाय वारा बघायला?''

नातू हसला. मी हसलो नाही. कारण प्रश्न अगदी नेमका होता, आणि त्याचे उत्तर एका शब्दाचे होते. कोणीही नाही. त्या बाणांपैकी बहुतेकांच्या जागी त्या घटकेला ना माणूस होता, ना यंत्र. तरी बाण खोटे नव्हते. हे कसे, ते सांगायला मला त्या दुपारी तासभर लागला, आणि सांगता सांगता माझ्याच नोकरीतली एक जुनी गोष्ट वर आली. तोच हा मजकूर.

ठिपके आणि माणसे

वारा मोजणारे जगभर आहेत. पण ते रांगोळीच्या ठिपक्यांवर उभे नाहीत. ते जिथे सोय होती तिथे उभे आहेत. मुंबईत कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली निघाली, ती बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ कळावी, ग्रहताऱ्यांचे वेध घ्यावेत म्हणून. अरबी समुद्राच्या नकाशातली एखादी रिकामी जागा भरावी असा हेतू त्यामागे नव्हता. विमानतळ झाले तिथे वाऱ्याची यंत्रे आली, कारण विमान उतरवायला वारा कळावा लागतो. जगभरची ठरावीक केंद्रे ग्रीनिचच्या एकाच घड्याळाप्रमाणे, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी साडेपाचला, आकाशात फुगे सोडून वरच्या थरांतला वारा मोजतात. जहाजे आपापल्या ठरलेल्या वाटांवरून जाताना वाऱ्याची नोंद कळवतात. या सगळ्याचा नकाशा काढला तर युरोपात दाटी, आपल्याकडे किनाऱ्याला बरी वस्ती, आणि दर्यात मैलोगणती सामसूम.

गणिताला असली वस्ती चालत नाही. उद्याचा वारा काढायचा तर आजच्या वाऱ्याची शेजारच्या वाऱ्याशी वजाबाकी करावी लागते. पूर्वेच्या शेजाऱ्याशी, पश्चिमेच्या, उत्तरेच्या, दक्षिणेच्या. ही वजाबाकी लक्षावधी वेळा बिनबोभाट व्हायची तर शेजारी सारख्या अंतरावर हवेत. म्हणून आधी पृथ्वीवर एक काल्पनिक जाळे पसरायचे, कोळ्याच्या जाळ्यासारखे, सारख्या आसाचे. मग वेड्यावाकड्या ठिकाणी मोजलेल्या वाऱ्यांवरून त्या जाळ्याच्या प्रत्येक गाठीवर वारा किती आणि कुठल्या दिशेचा असावा, हे ठरवायचे. या कामाला शास्त्रीय मराठीत अंतर्वेशन म्हणतात. शब्द जड आहे, पण आपण सगळ्यांनी हे शाळेत केले आहे. लॉगच्या पुस्तिकेत हवा तो आकडा नसला की शेजारच्या दोन आकड्यांमधून आपण मधला काढत असू. तेच हे.

साध्या सरासरीचा घोटाळा

तापमानाच्या बाबतीत हे सोपे आहे. एका गावी तीस अंश, दुसऱ्या गावी चौतीस, तर मधल्या गावी बत्तीसच्या आसपास. फार तर डोंगर-दरीचा फरक. पण वारा म्हणजे नुसता आकडा नव्हे. त्याला जोर आहे आणि दिशाही आहे. विज्ञानाच्या पुस्तकात अशा राशीला सदिश म्हणतात. इथे साधी सरासरी माणसाला कशी फसवते पाहा.

दिशा अंशांत मोजतात. उत्तर म्हणजे शून्य, पूर्व नव्वद, दक्षिण एकशे ऐंशी, पश्चिम दोनशे सत्तर. वारा जिकडून येतो ती त्याची दिशा. समजा, एका जहाजाने सांगितले, वारा १० अंशांवरून, म्हणजे उत्तरेच्या किंचित पूर्वेकडून. दुसऱ्याने सांगितले, ३५० अंशांवरून, म्हणजे उत्तरेच्या किंचित पश्चिमेकडून. दोघेही थोडक्यात सांगताहेत, वारा उत्तरेचा आहे. आता एखाद्या प्रामाणिक कारकुनाने बेरीज करून दोनाने भागले, तर उत्तर येते १८०. म्हणजे दक्षिण! बेरीज बरोबर, भागाकार बरोबर, आणि वारा थेट उलटा.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या नौदलातला मॅथ्यू मॉरी याने जहाजांच्या रोजनिश्या गोळा करून समुद्राचे पाच-पाच अंशांचे चौकोन पाडले, तेव्हा त्याच्या पायलट चार्टांनी सरासरीची वाटच टाळली. प्रत्येक चौकोनात, प्रत्येक महिन्यात, कोणत्या दिशेचा वारा किती वेळा लागला, याची नुसती मोजदाद दिली. खलाशाला तेवढे पुरत होते. गणिताला पुरत नाही. म्हणून गणित वारा फोडते. प्रत्येक वाऱ्याचे दोन भाग करायचे, एक उत्तर-दक्षिण आणि दुसरा पूर्व-पश्चिम. दोन्ही जहाजांवर वारा ताशी २० किलोमीटरचा असेल, तर दोघांचाही उत्तरेचा भाग १९.७ येतो. पूर्व-पश्चिमेचे भाग साडेतीन-साडेतीनचे, पण एकमेकांच्या विरुद्ध. ते एकमेकांना खातात. उरतो उत्तरेचा १९.७ चा वारा. डोळ्याला जे दिसत होते तेच गणितानेही मान्य केले.

पण एवढ्यावर सुटका नाही. चक्रीवादळ घ्या. आपल्या गोलार्धात ते घड्याळाच्या उलट फिरते, त्यामुळे केंद्राच्या पश्चिमेला वारा उत्तरेचा असतो आणि पूर्वेला दक्षिणेचा. समजा, केंद्रापासून दोनशे किलोमीटरवर, दोन्ही बाजूंना एकेक जहाज आहे आणि दोघांकडेही ताशी ५० किलोमीटरचा वारा आहे. मधली जागा आपण सरळ रेषेत भरली, तर बरोबर मध्ये येतो शून्य. ते एक वेळ ठीक, कारण वादळाच्या डोळ्यात खरेच शांतता असते. पण केंद्रापासून पन्नास किलोमीटरवर आपल्या कागदावर येते बारा-साडेबारा किलोमीटरची झुळूक. प्रत्यक्षात वाऱ्याचा सर्वांत मोठा तडाखा दोन्ही जहाजांच्या आत, केंद्राच्या जवळपासच्या त्याच पट्ट्यात असतो! कागदावर झुळूक आणि दर्यात मरण. जिथे जहाजे विरळ, तिथे अशी वादळे नकाशातून पुसली जात किंवा फिकी पडत; इतकी, की पुढे काही हवामानकेंद्रांना वादळाचे स्थान कळल्यावर गणितात तिथे एक नकली भोवरा मुद्दाम बसवावा लागे.

जमा आणि नावे

वाऱ्याच्या जाळीची सर्वांत मोठी फजिती ज्याच्या नावावर जमा आहे, तो माणूस मला फार जवळचा वाटतो. लुईस फ्राय रिचर्डसन. इंग्रज, क्वेकर पंथाचा, युद्धाला विरोध असणारा. पहिल्या महायुद्धात बंदूक धरायची नाही म्हणून तो फ्रान्समध्ये जखमींच्या रुग्णवाहिकेवर गेला. तिथे, काम नसेल त्या वेळी, थंडगार मुक्कामात गवताच्या गंजीला कचेरी समजून, तो एक हिशेब करत होता. हवामानाचा अंदाज निव्वळ गणिताने काढता येतो का, हे बघण्याचा.

त्याने दिवस निवडला २० मे १९१०. त्या दिवशी युरोपात ठिकठिकाणी फुगे सोडून वरच्या वाऱ्यांची मोजमापे झालेली होती. मध्य युरोपावर त्याने बुद्धिबळाच्या पटासारखी सुमारे दोनशे किलोमीटरच्या घरांची जाळी मांडली, मोजलेले वारे आणि दाब त्या घरांत बसवले, आणि सहा तासांत म्युनिकच्या आसपास हवेचा दाब किती बदलेल ते हाताने काढले. उत्तर आले, १४५ मिलिबारने वाढेल. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळजवळ हललाच नव्हता. १४५ मिलिबार म्हणजे पृथ्वीवर कोणी न पाहिलेली उलथापालथ. दरम्यान १९१७ च्या एप्रिलमध्ये शँपेनच्या लढाईच्या धांदलीत त्याचे हस्तलिखितच हरवले, आणि काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले. १९२२ साली पुस्तक निघाले, तेव्हा त्याने ते चुकलेले उत्तर जसेच्या तसे छापले, आणि दोष सुरुवातीच्या वाऱ्यांच्या आकड्यांत असावा, हेही लिहिले.

चूक कुठे झाली, हे बँकेतल्या माणसाला चटकन कळेल. हवेचा दाब म्हणजे डोक्यावरच्या हवेचे वजन. आमच्या भाषेत, खात्यातली शिल्लक. वारा म्हणजे देवघेव. घरात पश्चिमेकडून वारा शिरला ती जमा, पूर्वेकडून बाहेर पडला ते नावे. आता धरा, २०० किलोमीटरच्या घरात तळापासून वरपर्यंत वारा ताशी ३६ किलोमीटरने शिरतो आणि खरोखर ३६ नेच बाहेर पडतो. शिल्लक जिथल्या तिथे. पण जाळी भरताना बाहेरच्या बाजूला आपण चुकून ३२.४ लिहिले. फरक किती? ताशी साडेतीन किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालण्याइतका. सहा तासांत एकवीस-बावीस किलोमीटर लांबीची हवा त्या घरात फुकट साठली. दोनशेला एकवीस-बावीस म्हणजे शेकडा जवळजवळ अकरा. आणि हजार मिलिबारच्या शिल्लकेत शेकडा अकरा म्हणजे शंभराहून जास्त मिलिबार! पानावर जी चूक डोळ्याला दिसणारही नाही, तिने शिल्लक अशी भरमसाट फुगवली.

म्हणजे प्रत्येक आकडा आपापल्या जागी बरा दिसून भागत नाही. शेजारच्या आकड्याशी त्याचा जमाखर्च जुळला पाहिजे. वारा भरताना आजूबाजूच्या वाऱ्यांशी आणि दाबाशी त्याचा मेळ बसवावा लागतो. पुढे आयर्लंडचे हवामानशास्त्रज्ञ पीटर लिंच यांनी रिचर्डसनचाच हिशेब पुन्हा मांडला, आकड्यांतला तो बेमेळ आधी काढून टाकला, आणि सहा तासांतला दाबाचा बदल एक मिलिबारच्याही आत आला. गणित बरोबर होते. गडी भला होता. रिकाम्या घरांतले बाण तेवढे एकमेकांशी बोलत नव्हते.

१९५० साली अमेरिकेत एनियाक या संगणकावर चार्नी, फ्योर्टॉफ्ट आणि फॉन नॉयमन यांनी पहिला यशस्वी अंदाज काढला, तेव्हा त्यांनी धडा घेतलेला होता. वाऱ्याचे कच्चे आकडे न घेता, वरच्या हवेच्या दाबाचा नकाशा कसा आहे त्यावरून वारा कसा असला पाहिजे, ते त्यांनी ठरवले. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले की कमी दाब डाव्या हाताला असतो, हे हॉलंडच्या बॉयस बॅलट याने १८५७ सालीच सांगितले होते. त्याचाच हा विस्तार. जाळी अवघी १५ बाय १८ गाठींची, दोन गाठींत अंतर ७३६ किलोमीटर. चोवीस तासांचा अंदाज काढायला जवळजवळ चोवीस तास लागले. निकाल रिचर्डसनला पाठवले गेले. १९५३ साली वारण्यापूर्वी त्याने ते पाहिले आणि अभिनंदन कळवले.

शेजाऱ्याच्या शब्दाची किंमत

एनियाकच्या गाठींवरचे आकडे मात्र माणसांनी हाताने काढलेल्या नकाशावरून वाचून घेतलेले होते. अनुभवी नकाशाकार समभार रेषा काढी आणि कोणीतरी तिच्यावरून आकडे उतरवी. हे काम यंत्राकडे कसे द्यावे? १९५५ साली स्वीडनमध्ये बेर्गथोरसन आणि ड्योस यांनी, आणि १९५९ साली अमेरिकेत जॉर्ज क्रेसमन यांनी जी रीत मांडली, ती घरगुती शहाणपणासारखी आहे.

आधी प्रत्येक गाठीवर एक अंदाजाचा आकडा ठेवून द्यायचा. बहुधा काल काढलेला आजचा अंदाजच. मग त्या गाठीभोवती एक वर्तुळ कल्पायचे. वर्तुळात जे कोणी खरोखर मोजणारे असतील, त्यांचा आकडा आणि आपला अंदाज यांत किती फरक आहे ते बघायचे, आणि त्या फरकाने गाठीवरचा आकडा दुरुस्त करायचा. पण सगळ्यांचा शब्द सारखा धरायचा नाही. क्रेसमन यांच्या सूत्रात मोजणारा नेमका गाठीवरच असेल तर त्याच्या शब्दाची किंमत पूर्ण रुपया. वर्तुळाच्या निम्म्या अंतरावर असेल तर साठ पैसे. वर्तुळाच्या कडेवर असेल तर शून्य. एक फेरी झाली की वर्तुळ लहान करायचे आणि पुन्हा तेच. आधी लांबच्यांकडून ढोबळ, मग जवळच्यांकडून बारीक. लग्नाचे स्थळ आले की आपण आधी गावाकडून चौकशी करतो आणि शेवटी भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला गाठतो, तसेच.

१९६३ साली लेनिनग्राडच्या लेव्ह गांदिन यांनी त्यात मोलाची भर घातली. ते म्हणाले, शब्दाची किंमत नुसत्या अंतरावर ठरवू नका. कोणता मोजणारा किती चुकतो, आपला अंदाज स्वतः किती चुकतो, आणि दोन मोजणारे एकाच अंगाला दाटीने बसले असतील तर ते दोन साक्षीदार की एकाच्याच दोन सह्या, हे सगळे आधीच्या नोंदींवरून काढा आणि मग प्रत्येकाला वजन द्या. आजच्या संगणकांतल्या रीती खूप पुढे गेल्या असल्या, तरी पाया हाच आहे.

यात एक नाजूक जागा आहे. ज्या गाठीभोवती कोणीच मोजणारा नाही, तिथे काय होते? तिथे कालचा अंदाजच आजचा आकडा म्हणून राहतो. कोणी हरकत घेतलेली नसते, म्हणून तो टिकतो. नकाशावर मात्र त्याचा बाण इतर बाणांइतकाच ठसठशीत उमटतो.

शाईने लिहिलेला आकडा

इथे तांडेलांना सांगता सांगता मी थबकलो. कारण असा एक बाण मी स्वतः काढला होता.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नवा अधिकारी, बँकेच्या विभागीय कचेरीत. दर तिमाहीला सगळ्या शाखांच्या ठेवींचे एकत्र पत्रक वरिष्ठ कचेरीला जायचे. त्या जुलैत कोकणात धो धो पाऊस, टपाल अडकलेले, ट्रंक कॉल लागत नव्हते. तीन शाखांचे आकडे आले नव्हते आणि पत्रक तर त्याच संध्याकाळी जायला हवे होते. साहेब म्हणाले, ''आजूबाजूच्या शाखांची सरासरी घ्या आणि भरून टाका.'' मी भरले. शाईने, इतर आकड्यांसारख्याच वळणदार अक्षरात.

त्या तीनपैकी एक शाखा बंदरावरची होती. आजूबाजूच्या शाखा आतल्या, भातशेतीच्या आणि मुंबईच्या मनीऑर्डरींवर चालणाऱ्या. त्यांच्या ठेवी त्या तिमाहीत वाढल्या होत्या. बंदरावर उलटे असते. मासेमारी बंद, आणि घराघरांतून साठवलेले पैसे काढून खाणे चालू. हे समजायला मोठी विद्वत्ता नको होती. पण मला बंदर माहीत नव्हते, सरासरी माहीत होती. पुढच्या तिमाहीला त्या शाखेचा खरा आकडा आला. माझ्या आकड्याशी तुलना करता ती मोठी घसरण दिसली. शाखेच्या व्यवस्थापकांना लेखी खुलासा मागवला गेला. निवृत्तीला दोन वर्षे उरलेला माणूस.

मी तेव्हा बोललो नाही. साहेबही बोलले नाहीत. प्रकरण आपोआप थंडावेल असे वाटले, आणि ते थंडावलेही. काही वर्षांनी माझी बदली त्याच शाखेत झाली. एका पावसाळी दुपारी जुन्या फायली चाळताना त्या खुलाशाची कार्बन प्रत हाती लागली. चार ओळींचा खुलासा होता. शेवटची ओळ अशी, की मागील तिमाहीचा जो आकडा आमच्या नावे दाखवला आहे, तो आम्ही कळवलेला नाही. तो कोणाचा आहे, ते कळावे. तोवर ते गृहस्थ निवृत्त होऊन गावी गेले होते.

आकडा भरणे हा माझा गुन्हा नव्हता. पत्रक रिकामे पाठवता येत नाही, नकाशाही रिकामा ठेवता येत नाही. पण तो पेन्सिलीने लिहायला हवा होता. शेजारी 'अंदाजे' एवढा एक शब्द हवा होता. आणि खरा आकडा आला, त्या दिवशी माझ्या आकड्याने उठून त्याला जागा द्यायला हवी होती. झाले उलटे. खऱ्याला खोट्यापुढे खुलासा द्यावा लागला.

रिकामा दर्या

आपल्या मोसमी वाऱ्यांच्या बाबतीत ही गोष्ट चैनीची नाही. पाऊस येतो दर्यावरून, आणि दर्याच रिकामा. १९५९ ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली, त्या वेळी कुलाब्याला आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र उभे राहिले आणि कॉलिन रॅमेज यांच्या नेतृत्वाखाली हिंदी महासागरावरच्या नोंदी तिथे गोळा झाल्या. १९६६ साली पी. व्ही. जोसेफ आणि पी. एल. रामन या आपल्या हवामानशास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की जुलैत दक्षिण भारतावरून सुमारे दीड किलोमीटर उंचीवर पश्चिमेचा एक जोरकस झोत वाहतो. तिकडे ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ फिंडलेटर केनियातल्या फुग्यांच्या नोंदी तपासत होते. १९६९ साली त्यांनी चित्र जोडून दाखवले. दक्षिण गोलार्धातून येऊन केनियावरून विषुववृत्त ओलांडणारा, सोमालियाच्या किनाऱ्याने अरबी समुद्रात वळणारा आणि आपल्या घाटांवर आदळणारा तो एकच प्रवाह होता. कोकणातला माणूस पिढ्यान्‌पिढ्या ज्या वाऱ्याचा पाऊस झेलत आला, त्याची अखंड वाट अशी इकडचे चार फुगे आणि तिकडचे चार फुगे जोडल्यावर दिसली. योग्य ठिकाणी मोजणारा असला, तर मधली जागा भरणे हे शोधाचेही काम ठरते.

मग उपग्रह आले. समुद्रावरचा वारा पाण्यावर बारीक लाटा उठवतो. उपग्रह त्यांच्यावर रडारचा मारा करतो आणि परत आलेल्या लहरींवरून वारा ओळखतो. अमेरिकेचा सीसॅट १९७८ साली जूनमध्ये गेला आणि ऑक्टोबरात बंद पडला. पण तेवढ्यात त्याने एक चमत्कारिक पेच समोर ठेवला. जोर एक कळे, पण दिशा एकाहून अधिक निघत. एकाच जागी कधी कधी चार. चारांपैकी खरी एकच. मग माणसांनी नकाशे पुढे घेऊन, शेजारच्या बाणांशी कोणता बाण जुळतो ते बघत, एकेक दिशा निवडली. पुन्हा तोच जमाखर्च! आपल्या इस्रोनेही २००९ साली ओशनसॅट-२, २०१६ साली स्कॅटसॅट-१ आणि २०२२ साली ओशनसॅट मालिकेतला पुढचा उपग्रह अशी यंत्रे वर पाठवली. त्यामुळे तांडेलांच्या नातवाच्या पडद्यावरचा अरबी समुद्र आज पूर्वीइतका रिकामा नाही. तरी उपग्रहाला एका फेरीत एकच पट्टा दिसतो. त्या घटकेला उरलेला दर्या भरावाच लागतो.

जाळेही बारीक झाले. एनियाकचा आस ७३६ किलोमीटरचा होता. भारतीय हवामान खात्याने मे २०२५ मध्ये वापरात आणलेल्या नव्या प्रणालीचा सहा किलोमीटरचा आहे. त्याचा उपयोग आहेच. डोंगर, किनारा, खाडी नीट दिसते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले आणि दापोली-मंडणगडपर्यंत माडा-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, तेव्हा कोणत्या गावाला किती तडाखा बसणार याला किती मोल असते, ते कोकणाने पाहिले. पण आस बारीक केला म्हणून दर्यात मासे वाढत नाहीत, आणि गाठी वाढवल्या म्हणून मोजणारे वाढत नाहीत.

तांडेलांनी हे सगळे शांतपणे ऐकून घेतले. मधूनमधून ते शाकारणाऱ्या पोरांना हाकारे देत होते. माझे संपल्यावर त्यांनी नातवाच्या हातातला मोबाइल घेतला, डोळ्यांजवळ नेला, आणि एका बाणावर बोट ठेवले. बोटाखाली दहा-बारा बाण झाकले गेले.

''म्हणजे यातला कुठला तरी एक खरोखर बघितलेला, आणि बाकीचे त्याच्यावरून काढलेले.''

''तसंच.''

''वाईट काय नाय,'' ते म्हणाले. ''आम्ही पन काढतोच की. मतलई वारा सुटला की पुढं काय हाय ते काढूनच होडी घालतो. पन साहेब, बघितलेला बाण तेवढा लाल रंगात काढायला काय जातं यांचं? मग कळंल तरी, कुठल्या बाणावर किती भिस्त ठेवायची ते.''

मी काहीच बोललो नाही. मला त्या फायलीतली कार्बन प्रत आठवत होती. तीही, शेवटी, एवढेच विचारत होती.